पानावरचं मीठ

दादा, काल तुझं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले.

तुझ्या पुण्यानुमोदनाला दीडेकशे माणूस होतं. भंतेजींनी वंदना घेतली, त्रिशरण-पंचशील झालं आणि मग माइक हातोहात फिरायला लागला. जो उठला तो तेच बोलला. गुरुजींनी कधी कोणाचा शब्द मोडला नाही. गुरुजी कोणाच्या दारातून न जेवता गेले नाहीत. गुरुजींनी पानावर वाढलेलं कधी टाकलं नाही. तुझ्या शाळेतले एक सर म्हणाले, अन्नाचा इतका मान ठेवणारा माणूस आपण पाहिला नाही, आणि त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले. वहिनी रडत होती. मी तिच्या शेजारी दात आवळून बसले होते.

माइक माझ्यापर्यंतही आला. बहीण म्हणून दोन शब्द बोला म्हणाले. मी हात जोडले आणि तो पुढे दिला. बोलले असते तर सरळ म्हणाले असते, की या माणसानं पानावरचं टाकलं नाही म्हणूनच तो सहासष्टाव्या वर्षी गेला. मी आरोग्य सेविका आहे, गावोगाव लोकांच्या दंडाला पट्टा बांधत माझी उमर गेली, आणि माझ्या सख्ख्या भावानं माझं एक ऐकलं नाही. असं सभेत कोणी बोलत नाही. म्हणून तुला लिहिते. आता तुला मधे बोलायची सोय नाही, एवढं एक बरं झालंय. जिवंत होतास तोवर मला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस.

आणि आधीच सांगते, हे मी तुझ्यासाठी उकरत नाही. तुझं जे व्हायचं ते झालं. मला घोर लागलाय तो प्रदीपचा. काल सकाळी, मंडपात सतरंज्या टाकणं चालू असताना, तुझा हा छत्तीस वर्षांचा पोरगा स्वयंपाकघरात आला आणि पाटावर बसून दंड पुढे केला. "आत्या, बघ की जरा. चार दिवस झोप न्हाई, म्हणून गरगरत आसंल." मशीन माझ्या पर्समध्येच असतं. वरचं एकशे साठ, खालचं एकशे दोन. पाच मिनिटं गप बसवून पुन्हा बघितलं. तेवढंच. दुसऱ्या दंडाला लावलं. तेवढंच. मग तो फरशीकडे बघत म्हणाला, "लघवीला फेस येतो, आत्या. दोन-तीन महिने झाले. पप्पांना बी यायचा का सुरुवातीला?"

यायचा. आणि तू ते वर्षभर माझ्यापासून लपवलंस.

मी त्याला म्हटलं, उद्या बीडला चल, रक्त-लघवी तपासू, आणि आजपासून वरचं मीठ बंद. चटणी, लोणचं, पापड, सगळं बंद. तो हो म्हणाला. मग दारातून मागं वळला आणि म्हणाला, "पण आज पंगतीत मीठ आबा सरपंच वाढणारेत. त्यांना कसं न्हाई म्हणू?"

ऐकलंस? तुझंच वाक्य, तुझाच आवाज. चांगली इस्टेट ठेवून गेलास पोरासाठी.

पहिल्यांदा तुझं बीपी मी मोजलं ते आठवतं का? मला नवीन मशीन मिळालं होतं आणि मी हौसेनं माहेरी घेऊन आले होते. आधी वहिनीचं बघितलं, मग तुझं. एकशे सत्तर निघालं. तू हसलास. "मशीन दुकानात परत दे, सुमे. मला काय धाड भरलीय?" डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, सायकल हाणत दोन कोस जातो, मग कसलं आलंय बीपी. गोळ्या आणून दिल्या तर डोकं दुखेल तेव्हा घेईन म्हणालास. डोकं काही दुखलं नाही, म्हणून तू त्या घेतल्या नाहीस. वर्षानं मी तुझ्या पेटीत बघितलं तर पाकिटं तशीच, रबर लावून, वरती तारखेची चिठ्ठी. गोळ्या घ्यायच्या नाहीत, पण नीट ठेवायच्या. मास्तर होतास ना.

अडाणी असतास तर मी एवढी चिडले नसते. माझ्या उपकेंद्रात ऊसतोडीवरून परत आलेल्या बायका येतात, त्यांना मी एकदा सांगते आणि त्या ऐकतात. निदान ऐकायचा प्रयत्न करतात. तू जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलंस. सातवीच्या फळ्यावर तू काढलेली दोन मूत्रपिंडं मी बघितलीत, पुस्तकातल्या आकृतीपेक्षा सुबक, घेवड्याच्या दाण्यासारखी. यात लाखो बारीक चाळण्या असतात असं पोरांना सांगायचास. तेच मी तुला सांगितलं की कपाळाला आठी. मीठ जास्त झालं की ते अंगात पाणी धरून ठेवतं, हे तुला माहीत होतं. रक्तात पाणी वाढलं की नळ्यांमधला दाब वाढतो, हेही माहीत होतं. तो दाब रात्रंदिवस त्या नाजूक चाळण्यांवर बसतो, त्या झिजतात, मग रक्तातली प्रथिनं, जी आत राहायला हवीत, ती लघवीतून जायला लागतात आणि फेस दिसतो. चाळण्या कमी झाल्या की मीठ बाहेर टाकायची ताकद कमी होते, मीठ आत साठतं, दाब आणखी वाढतो आणि उरलेल्या चाळण्याही जातात. यातलं काहीच दुखत नाही, हीच त्याची खोड आहे. दुखलं असतं तर तू ऐकलं असतंस.

दिवसाचं सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा, असं मी वहिनीला डब्यावर लिहून दिलं होतं. भाकरीतलं, कालवणातलं, चटणीतलं, सगळं त्यातच. वहिनीनं बिचारीनं तिखट तेवढंच ठेवून मीठ अर्ध्यावर आणलं. आणि तू? ठेच्याची वाटी खाटेखाली. खारे शेंगदाणे सदऱ्याच्या खिशात. एकदा मी कपडे धुवायला घेतले तर खिशातून मूठभर निघाले. विचारलं तर म्हणालास, "पोरांना वाटायला आणले." रिटायर होऊन तेव्हा दोन वर्षं झालती तुला, कुठली पोरं?

मग सैंधव मिठाचं नाटक. कोणीतरी मोबाइलवर पाठवलं की सैंधवानं बीपी वाढत नाही. लगेच दोन किलो. "हे उपासाचं हाय, सुमे, याला मीठ म्हणत न्हाईत." मी डोकं आपटायची राहिले होते. अरे, खारट लागतंय ना जिभेला? मग ते मीठच आहे, गुलाबी असो की पांढरं, किडनीला रंग दिसत नाही. त्यावर तुझं उत्तर काय, तर आयुर्वेद पण शास्त्रच हाय. आपण त्या दिवशी चहा न पिता उठलो होतो. पुढं दोन महिने तू फोन केला नाहीस आणि मीही नाही.

पण खरी भांडणाची जागा ठेचा नव्हता, सैंधव पण नव्हतं. खरी जागा पंगत होती, आणि ते आपल्या दोघांनाच ठाऊक होतं.

तू आठ वर्षांचा असताना आप्पा तुला गावातल्या मोठ्या घरच्या लग्नाला घेऊन गेले. ही गोष्ट तू मला इतक्यांदा सांगितलीस, की मला आता ती मी बघितल्यासारखी वाटते. आपण बौद्ध झालो होतो, घरातले देव गेले होते, पण पंगतीतली आपली जागा तीच होती, गोठ्यापाशी, मुताच्या वासात. तिकडं मांडवात पानं मांडली की आधी मीठ वाढायचे. पानाच्या वरच्या कडेला, चिमटीनं. मग बाकीचं. आपल्या लोकांना भात वरून टाकता यायचा, येसरची आमटी उंचावरून ओतता यायची, बुंदी फेकता यायची. मीठ मात्र तसं टाकता येत नाही. त्याला वाकावं लागतं, बोटं पानापाशी न्यावी लागतात. म्हणून आपल्या पानावर ते कधी आलंच नाही. आप्पांनी धोतराच्या सोग्याची गाठ सोडली आणि घरून आणलेला मिठाचा खडा काढून अर्धा तुझ्या पानावर ठेवला. त्यांना ते इतकं सवयीचं होतं, की काढताना कोणी बघू नये असंही त्यांना वाटलं नाही. तू बघितलंस.

मोठा झालास, डी.एड. झालास, मास्तर झालास. गावातल्या सरपंचाच्या घरी, म्हणजे तुझ्याच बरोबर शाळेत शिकलेल्या आबाच्या घरी, तुला पहिल्यांदा मांडवातल्या पंगतीत बसवलं. आबा स्वतः वाढायला उठला आणि त्यानं वाकून तुझ्या पानावर मीठ ठेवलं. त्या दिवसापासून तुझा नियमच झाला. कुठंही जेवायला बसलास, लग्न असो, बारसं असो, की एखाद्या पोराला नोकरी लागल्याचं जेवण, तू घास घ्यायच्या आधी थांबायचास. मीठ आलं नाही तर मागायचास. "मीठ वाढा." आणि ते सगळं भातात कालवून खायचास, बोटानं पान पुसून.

मला हे कळत नव्हतं असं तुला वाटायचं. मला चांगलं कळत होतं. गावात तुझे विद्यार्थी सगळ्या घरांतून होते, तुला महिन्यात दहा-बारा ठिकाणची आमंत्रणं असायची, आणि लग्नसराईत तर दिवसाआड. पंगतीतली आमटी आधीच खारट, त्यावर लोणचं, पापड आणि तुझी ती चिमूट. घरात वहिनी चमचा मोजतेय आणि बाहेर तू हे करतोस. मी म्हटलं, निदान वरचं मीठ घेऊ नको. तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं मी आप्पांच्या तोंडातून घास काढला.

"तुला न्हाई कळायचं. तू बघितलं न्हाईस. मी बघितलंय."

दादा, याचं उत्तर मी त्या वेळी दिलं नाही. आता देते. मी बघितलं नाही, कारण मला कोणी नेलंच नाही. पोरींना पंगतीला नेत नव्हते. तुम्ही बापलेक गोठ्यापाशी का होईना बसून जेवून यायचात, आणि मी न् आई घरात तुम्ही फडक्यात बांधून आणलेली बुंदी खायचो. त्या अपमानातसुद्धा तू मला वाटा दिला नाहीस. तो तुझा एकट्याचा, आप्पांचा आणि तुझा. मी आपली मधे-मधे येणारी, मीठ-मीठ करणारी.

आणि तरी मला ट्रेनिंगला पाठवणारा तूच होतास, हे कसं विसरू? आप्पा माझं लग्न ठरवायला निघाले होते. तू मला सायकलच्या दांडीवर बसवून शिरूरला घेऊन गेलास, फॉर्म भरलास, फोटो काढायला लावलास, आणि घरी येऊन आप्पांना म्हणालास, "सुमी नर्स होनार. आमी ठरवून आलोत." त्या 'आमी'मध्ये मी होते. दंडाला पट्टा बांधायला मला शिकवलं ते सरकारनं, पण तिथपर्यंत नेलं तू. आणि मग त्याच पट्ट्यावर तुझा विश्वास नव्हता. याला काय म्हणायचं, सांग.

पाय सुजायला लागले तेव्हा तू आलास. बूट घालता येईना तेव्हा. बीडच्या डॉक्टरांनी क्रिएटिनिनचा आकडा बघून मान हलवली आणि म्हणाले, किडन्यांचं निम्म्यापेक्षा जास्त काम थांबलंय. परतताना मला 'सांगितलं होतं' म्हणायची इतकी इच्छा झाली होती, की मी खिडकीकडे तोंड करून बसले.

आणि आता ती गोष्ट, जी मी आजपर्यंत कोणालाच सांगितली नाही.

कमी सोडियमचं मीठ मी आणलं होतं. बीडच्या दुकानातून, माझ्या हातानं. पाकिटावर 'रक्तदाबासाठी चांगले' असं काहीतरी होतं. मला वाटलं, चला, याला खारट पाहिजे आणि मला सोडियम नको, दोघांचं भांडण मिटेल. तू ते मुकाट्यानं खाल्लंस. जन्मात एकदाच माझं ऐकलंस ते त्या वेळी. तीन आठवड्यांत तुझ्या पायातलं त्राण गेलं, छाती धडधडायला लागली, नाडी मधेच चुकायला लागली. रक्त तपासलं तर पोटॅशियम वर गेलेलं. त्या मिठात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं. धडधाकट माणसाला ते चालतं. ज्याच्या किडन्या दमल्यात त्याला ते बाहेर टाकता येत नाही, आणि वाढलं तर काळीज बंद पडू शकतं. हे मला माहीत असायला हवं होतं. इतक्या वर्षांची नर्स मी, आणि पाकिटाचा पुढचा भाग वाचून घेऊन आले. मागचा बारीक अक्षरातला वाचलाच नाही.

डॉक्टर रागावले. "हे मीठ कुणी दिलं तुम्हाला?" मी तुझ्या उशाशी उभी, अंगावर ड्यूटीची साडी. तू ऑक्सिजनची नळी जरा बाजूला केलीस आणि म्हणालास, "मीच आणलं, साहेब. मोबाइलवर वाचलतं." डॉक्टर म्हणाले, मोबाइलचं ऐकता आणि घरातल्या नर्सचं ऐकत नाही? तू हो हो म्हणत मान डोलवलीस. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तू ते परत कधी काढलं नाहीस. भांडणात पण नाही. किती सोपं होतं, एकदा म्हणायचं, तू कोण मला शिकवणारी. नाही म्हणालास. मी थँक्यू म्हटलं नाही आणि माफीही मागितली नाही, आणि तू आता असा निघून गेलास, की ते माझ्याकडेच राहिलं. मला त्याचाही राग येतो. एवढं मोठं मन होतं, तर मग जरा स्वतःसाठी पण वापरायचं होतंस.

शेवटचे चार महिने तू पालीला माझ्या क्वार्टरवर होतास, कारण तिथून डायलिसिसला बीड जवळ. आठवड्यातून दोनदा सुया, बाकीचे दिवस तहान. पाणी मोजून द्यायचं, कारण लघवी जवळजवळ बंद. जरा मीठ जास्त गेलं की तहान खवळायची आणि तू गुपचूप पाणी प्यायचास आणि मग श्वास लागायचा. म्हणून मी मिठाचा डबा माझ्या लोखंडी कपाटात ठेवला, औषधांच्या शेजारी. सकाळी आपण दोघं ओट्यावर बसायचो, तू समोरच्या धरणाकडे बघत आणि मी तुझ्याकडे. तेव्हा मात्र आपण चांगले होतो. तू मला जुन्या पोरांचे फोन वाचून दाखवल्यासारखे सांगायचास. कोण तोडीवर असून पण पोराला हॉस्टेलला ठेवतोय, कोण कडा गावी नोकरीला लागलं. दिवाळीनंतर गाव ऊसतोडीला जाऊन रिकामं व्हायचं तेव्हा तू दारोदार फिरून पोरं मागं ठेवून घ्यायचास, हे मला तेव्हा नव्यानं कळलं. मी तुला त्या चार महिन्यांत जेवढं ओळखलं तेवढं आधी ओळखत नव्हते.

आणि मग तो सोमवार. मी भात आणि दोडक्याची भाजी केली होती, बिनमिठाची, लिंबू पिळून. तू दोन घास खाल्लेस आणि ताट सरकवलंस.

"सुमे, एक चिमूट दे."

"नाही."

"आगं, एकच. मरत न्हाई मी एका चिमटीनं."

"दादा, परवा डायलिसिसला पाणी काढताना किती त्रास झाला ते विसरलास का? नाही देणार."

मग हळूच म्हणालास, "मला बी गोठ्याजवळ बसवलंस बघ."

असं बोलतात का, दादा? बहिणीला? तुला माहीत होतं ते वाक्य कुठं जाऊन लागेल. तुला बरोबर माहीत होतं, म्हणूनच बोललास. मी उठले, ताट नेलं, घासलं, आणि तुझ्याशी दिवसभर बोलले नाही. मंगळवारी पण गरजेपुरतंच. बुधवारी पहाटे तुला श्वास लागला आणि बीडला पोचेपर्यंत सगळं संपलं. मला त्या वाक्याला उत्तर द्यायचं होतं. मी दोन दिवस ते जुळवत होते. तू थांबला नाहीस.

माझं चुकलं असं तुला ऐकायचं असेल तर ते मी म्हणणार नाही. पुन्हा तो सोमवार आला तरी मी डबा कपाटातून काढणार नाही. पण मी बोलणं टाकायला नको होतं. तेवढं चुकलं.

आता कालचं पुढचं सांगते.

भाषणं झाली, पानं मांडली. आबा पुढे झाले. त्यांचा पण गुडघा गेलाय आता, काठी लागते. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गुरुजीच्या पंगतीत मीठ मी वाढनार. पहिलं त्याच्या पोराला. घरच्यांनी पहिल्या पंगतीला बसायचं." नातेवाइकांनी माना डोलावल्या, वहिनीला हुंदका आला. मी मुद्दाम प्रदीपच्या शेजारचं पान धरलं. त्याच्या कपाळावर घाम होता. मला सगळं आठवत होतं, तुझं ते वाक्य, आणि सकाळचा त्याचा आकडा, आणि वाटत होतं, की हा आता हात जोडून घेणार, आणि तीस वर्षांनी मी याच्या उशाशी उभी राहणार. उभी राहायला मी तरी असेन का?

आबांनी काठी कुणाकडे तरी दिली. वाटीत बोटं घातली, चिमूट भरली, आणि त्रास होत असताना पण खाली वाकले. प्रदीपनं पानाच्या वरच्या कडेवर हात आडवा ठेवला.

"आबा, मला चालत न्हाई. बीपी हाय."

आबांची चिमूट हवेतच राहिली. आजूबाजूचे दोघं-चौघं बघायला लागले.

"आरं, गुरुजी तर मागून घ्यायचे."

"त्यांना बी चालत नव्हतं, आबा. त्यांनी तुमाला सांगितलं न्हाई."

आबा तसेच वाकलेले. मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांचा चेहरा इतका पडला, की मला त्यांच्याकडे बघवेना. "मला कावून सांगितलं न्हाई त्यानं?" ते म्हणाले, मला की स्वतःलाच कोण जाणे. "मला वाटायचं त्याला मीठ लई आवडतंय. म्हणून मी जरा जास्तच ठेवायचो."

एवढंच होतं, दादा. तू ज्या चिमटीला आप्पांच्या पानाची भरपाई समजत होतास, ती तो माणूस तुला मीठ आवडतं म्हणून वाढत होता. त्याला ती पहिली चिमूट आठवत असेल की नाही, मला माहीत नाही. तू कधी विचारलंस का?

चिमूट परत वाटीत टाकता येत नव्हती. आबा माझ्या पानाशी सरकले. मी हात आडवा केला नाही. मला कधी कोणी पंगतीत वाकून वाढलं नव्हतं, म्हणून असेल. त्यांनी ती पानाच्या वरच्या कडेला ठेवली आणि पुढच्या पानाकडे गेले. प्रदीप खाली मान घालून भात कालवत होता. त्यानं लोणच्यालाही बोट लावलं नाही.

मी जेवले. पोटभर जेवले. ते मीठ तसंच राहिलं, कडेला आमटी लागून जरा ओलं झालेलं. मग मी मिठासकट पान दुमडलं, उठले, आणि मांडवाच्या टोकाला ठेवलेल्या ड्रममध्ये टाकलं. आबा तिथंच हात धूत उभे होते. बाजूला तुझे शाळेतले सर होते, आणि अजून पाच-सहा माणसं.

कोणी बघितलंसुद्धा नाही, दादा.